मालकांच्या टीव्हीचा आवाज

मोशीत खोली बघायला गेलो तेव्हा मला मिशी होती. चांगली भरघोस, आमच्या लातूरकडच्या वळणाची, वरच्या ओठावर उतरलेली. मालकांनी मला खिडकीसमोर उजेडाकडे तोंड करून बसवलं, स्वतः समोर खुर्ची ओढून बसले आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. मी चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे म्हणालो, लग्न झालंय म्हणालो, बायको पुढच्या महिन्यात येईल म्हणालो. शेवटी गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "खोली देतो. पन मिशी काढावी लागंल."

मला वाटलं चेष्टा आहे. मी हसलो. ते हसले नाहीत.

"निदान व्हटावरली तरी कातर. आमच्यात मिशीवाला भाडेकरू ऱ्हात न्हाई."

त्या दिवसांत मी मित्राच्या खोलीवर दाटीवाटीनं राहत होतो. रात्री कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, असा कारभार. मिशीचं दुःख करत बसायला सवडच नव्हती. त्याच संध्याकाळी सलूनमध्ये गेलो आणि पूर्ण मिशी उतरवून आलो. बायको आली तेव्हा तिनं मला स्टँडवर ओळखलंच नाही, असं ती अजून चारचौघांत सांगते. मला ती अतिशयोक्ती वाटते.

मिशीच्या अटीबद्दल भाडेकरूंमध्ये नाना तर्क चालायचे. एक म्हणायचा, मालकांना कुण्या बाबानं सांगितलंय. दुसरा म्हणायचा, पूर्वी एक मिशीवाला भाडेकरू रातोरात पळाला, तेव्हापासून त्यांनी धसका घेतलाय. खरं कारण कळायला मला तिथे बरीच वर्षं काढावी लागली.

मालक मूळचे मोशीचेच. इंद्रायणीकडची त्यांची जमीन गेली, तिथे आता मोठमोठ्या सोसायट्या आहेत, आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ही खोल्यांची इमारत बांधली. पण ते स्वतःला शेतकरीही म्हणवत नसत आणि मालकही. "म्या प्रेसवाला," असं सांगायचे. आयुष्यभर एका कंपनीत फोर्जिंगच्या हॅमरवर काम केलेलं. लालभडक लोखंड खाली ठेवायचं, वरून हॅमर पडायचा आणि पायाखालची जमीन हलायची. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी अंगात कंपनीचं निळं जाकीट असे, मे महिन्यातसुद्धा. डोक्याला कान झाकेपर्यंत ओढलेली टोपी. "ज्या मशीनचा आवाज न्हाई ते मशीन रिकामं पळतंय," हे त्यांचं लाडकं वाक्य. तेच ते माणसांनाही लावत. माझी बायको हळू आवाजात बोलते, तर मला बाजूला घेऊन विचारलं, "तुज्या मंडळींना जेवाय घालतोस ना रं पोटभर?"

प्रेसशॉपमध्ये तोंडानं बोलायची सोयच नसते. तिथली माणसं हातांनी बोलतात. अंगठा ओठाला लावला की चहा. हनुवटीखाली आडवा पंजा म्हणजे थांबव. शर्टाची कॉलर चिमटीत धरली की साहेब आला, आता शहाण्यासारखे कामाला लागा. मालकांनी ही सगळी भाषा घरी आणली होती. ते गेटवरून अंगठा दाखवत आणि आतून त्यांची बायको, आमच्या काकू, चहा घेऊन येत. थेरगावला राहणारा त्यांचा मुलगा रविवारी गाडी लावताना दिसला की मालक आमच्याकडे बघून गुपचूप कॉलर धरत. मग आम्ही सगळे भाडेकरू उगाच गंभीर चेहरे करून उभे राहायचो.

पण मालकांची खरी प्रसिद्धी होती ती टीव्हीसाठी. संध्याकाळी साडेसात वाजले की ते आणि काकू पुढच्या खोलीत शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसत आणि टीव्हीचा आवाज वाढता वाढेल तेवढा वाढवत. आम्ही वरच्या मजल्यावर. मालिकेतली सून रडायला लागली की आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडल्यासारखी वाटे. भिंतीपलीकडच्या सोसायटीनं एकदा वॉचमनला पाठवलं, आवाज कमी करा म्हणून सांगायला. मालकांनी त्याला उजेडात उभं केलं, त्याचं सगळं बोलणं लक्षपूर्वक बघितलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. आवाज होता तिथेच राहिला.

एवढ्या आवाजातही मालकांना सगळे शब्द कळत नसत. मग काकू त्यांच्या कानाशी वाकून सांगत.

"सासू म्हनती, घर सोड."

"का?"

"का ते उद्या कळंल."

काकू म्हणजे त्या घराचे कान. गेटची कडी वाजली, फोन आला, गॅसवाल्यानं हाक मारली, सगळं काकूंच्या अंगावर. मालकांना कमी ऐकू येतं म्हणून त्या घरात येणारा प्रत्येक माणूस बेंबीच्या देठापासून ओरडूनच बोलायचा. मालकांशी, काकूंशी, सगळ्यांशीच. आम्हीही तसेच झालो. माझी बायको एरवी पुटपुटल्यासारखी बोलते, पण मालकांच्या दारात उभी राहिली की भाषणाला उभी राहिल्यासारखी.

साडेसातच्या त्या बैठकीचं मोल मला काकूंनी माझ्या बायकोला सांगितलेल्या दोन-चार वाक्यांतून कळलं. "तीन पाळ्यांची नोकरी. ह्ये आलं की म्या झोपल्याली, म्या उठली की ह्ये गेल्यालं. नवऱ्याच्या शेजारी निवांत बसाय मिळालं ते ह्ये घरी बसल्यावर. आता रोज बसून घेती." बाकी दिवसभर मालक आपले इमारतीच्या नळांच्या मागे आणि काकू आपल्या कामाच्या मागे. एकत्र काय ते एवढंच.

मालकांचं टीव्ही बघणंही वेगळंच. डब केलेला सिनेमा लागला की ते चिडून उठत. दक्षिणेकडचा हिरो हिंदीत मोठमोठी वचनं देत असायचा आणि मालक म्हणायचे, "खोटं बोलतोय त्यो! तोंड बघा त्याचं! तोंड येक बोलतंय आन त्यो दुसरंच बोलतोय!" बातम्या देणाऱ्यांपैकी एकच बाई त्यांना पसंत होती. तिच्याइतकं खरं कुणी बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आम्ही त्या बाईवरून त्यांची थट्टाही करायचो. काकूही पदर तोंडाला लावून हसायच्या.

मग मास्कचे दिवस आले आणि मालक एकदम गप्प झाले. दुधवाला काही बोलला की त्याच्यावर डाफरायचे. मी गेटवर नमस्कार केला तर नजर चुकवायचे. पुढे पुढे तर बाहेरच येईनात. एकदा मी मास्क हनुवटीवर ओढून त्यांना तब्येत विचारली, तर माणूस पाण्यातून वर यावा तसा त्यांनी श्वास घेतला आणि भडाभडा बोलायला लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मालकांना कमी ऐकू येत नव्हतं, जवळजवळ काहीच येत नव्हतं. ते आमची तोंडं वाचत होते. माझी मिशी त्यापायी गेली होती.

मी विचारलं तेव्हा त्यांनी ते कबूल केलं, वर चोरी पचवलेल्या माणसाच्या खुशीत सगळं सांगितलं. कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसवायचे, कानांवर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. नापास झालात की हॅमरवरून काढून गेटवर बसवणार, आणि मालकांना ते मरणाहून वाईट वाटायचं.

"शिट्टी कुनाला ऐकू येतीय? पन बाहीर बसल्याला मानूस खटका दाबायचा ना, तवा त्याची हनुवटी हालायची. हनुवटी हालली की म्या बटन दाबायचो. दर वर्साला पास! रिटायर व्हईस्तवर कुनाला पत्त्या न्हाई."

"काकूंना?"

"तिला कशाला सांगतोय? तिचं तिनंच वळखलं. पन बोलली न्हाई कधी. टीव्हीपशी बसली की कानात सांगाय लागली, येवढंच."

मास्क गेले, पण एव्हाना मुलाच्याही सगळं लक्षात आलं होतं. त्यानं वडिलांना तपासायला नेलं आणि दोन्ही कानांसाठी मशीन आणलं, फोनला आणि टीव्हीला बिनतारी जोडता येणारं. मालकांनी आधी नाक मुरडलं. मुलानं रविवारी बसून ते टीव्हीशी जोडून दिलं आणि विजयी मुद्रेनं थेरगावला निघून गेला.

त्या संध्याकाळी आमच्याकडे विचित्र शांतता पसरली. साडेसात वाजून गेले तरी खालून काही ऐकू येईना. बायको घाबरली. "बघून या बरं खाली, दोघं ठीक आहेत का." मी धावत गेलो तर मालक टीव्हीसमोर बसून एकटेच खोखो हसत होते. टीव्ही मुका. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत होती. सगळा आवाज थेट मालकांच्या कानात जात होता.

"वायरमन!" मला ते याच नावानं हाक मारत. "अरं, ह्या सुनंचा आवाज बारीक हाय की! म्या इतकी वर्सं घोगरा धरून चाललो हुतो!"

शेजारी काकू मांडीवर हात ठेवून मुक्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. तुम्हाला काय ऐकू येतंय, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "ह्यास्नी येतंय ना, बास झालं."

मालक नव्या खेळण्यात रमले. काकूंनी काही विचारलं की हात वर करून "थांब, मंग सांगतो" म्हणायचे आणि मग विसरून जायचे. काही दिवस काकू तशाच बसल्या. मग मेथी निवडायची आहे, कणीक मळायची आहे, असं करत साडेसातला आत जाऊ लागल्या. आम्हाला मात्र स्वर्गसुख होतं. आमची लेक संध्याकाळी लवकर झोपायची ती पहिल्यांदाच न दचकता झोपू लागली.

आणि एक दिवस मालक कुठल्याशा विनोदावर जोरात हसले, हसता हसता शेजारी वळले, तर खुर्ची रिकामी. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. मी गेटवर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो, ते जवळ येऊन म्हणाले, "वायरमन, तिची खुर्ची मोकळी पडाय लागली. मला एकट्याला ऐकून काय करायचंय? आवाज दोगास्नी यायला पायजे. काय तरी कर."

गुरुवारची माझी सुट्टी त्यातच गेली. टीव्हीच्या सगळ्या सेटिंग्ज पालथ्या घातल्या, पण तो टीव्ही हट्टाला पेटलेला. कानातल्या मशीनला आवाज दिला की बाहेरचा बंद, बाहेरचा चालू केला की मशीनला नाही. मी मालकांना हे समजावून सांगितलं तर ते टीव्हीवरच चिडले. "दोन लेकरं जेवाय बसल्यावर येकालाच वाढायचं, ही कुठली रीत?"

शेवटी मशीनच्या दुकानात फोन करून विचारलं. त्यांच्याकडे एक छोटी डबी मिळत होती. टीव्हीच्या मागच्या बाजूला वायरनं जोडायची. डबी मालकांच्या कानात आवाज पोचवणार आणि टीव्ही आपला बाहेर नेहमीसारखा बोलत राहणार. पुढच्या गुरुवारी मी ती आणून जोडली. डबीवर हिरवा दिवा लागला. मालकांनी डोळे मिटले आणि बातम्या देणाऱ्या बाईची वाक्यंच्या वाक्यं म्हणून दाखवली. मग मी बाहेरचा आवाज चारचौघांच्या घरात असतो तेवढा ठेवला आणि खच्चून ओरडलो, "काकू, येतंय का ऐकू?"

"येतंय की! झ्याक येतंय," काकू म्हणाल्या.

मालकांनी मला दोन वेळा अंगठा ओठाला लावून दाखवला, म्हणजे डबल चहा. काकू पुन्हा खुर्चीवर येऊन बसल्या. माझी बायको लेकीला कडेवर घेऊन आली, बाजूच्या खोलीतली दोघंही आली. एवढ्या मऊ आवाजात मालकांच्या घरी टीव्ही कधी कुणी ऐकला नव्हता. मी स्वतःवर खूश होतो. कंपनीत बंद पडलेली लाइन चालू करून दिल्यावर साहेब पाठ थोपटतात तेव्हाही एवढं बरं वाटत नाही.

पुढे काही दिवस मी संध्याकाळी मुद्दाम थोडा वेळ खाली जाऊन बसायचो. डबी नीट चालतीय ना ते बघायला, असं मी म्हणायचो. खरं तर कौतुक करून घ्यायला. एका संध्याकाळी विनोदी कार्यक्रम लागला होता. आम्ही भाडेकरू हसत होतो, काकूही हसत होत्या. सहज माझं मालकांकडे लक्ष गेलं. ते टीव्ही बघतच नव्हते. काकूंकडे बघत होते.

"काय म्हनली गं ती?" त्यांनी विचारलं.

"तेच की, न्हेमीचंच," काकू म्हणाल्या.

थोड्या वेळानं मालकांनी परत विचारलं, "आन त्यो काय म्हनला?"

"तुमीच ऐका की आता. मशीन हाय ना कानात?"

पुन्हा काहीतरी विनोद झाला. आम्ही हसलो. काकूंनी आमच्याकडे बघितलं आणि त्या हसल्या. मालक अजून काकूंकडेच बघत होते. मग त्यांनी एकदम कानावर हात मारला, दोन्ही मशीनं उपसून जाकिटाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "बंद पडलं! खरखर करतंय नुसतं. ह्याचं काय खरं न्हाई." रिमोट उचलला आणि आवाज थेट पूर्वीच्या जागी नेऊन ठेवला.

वरून आमच्या लेकीचं रडणं सुरू झालं. "अवो, लोकांची लेकरं झोपल्यात!" काकू ओरडल्या. पण तोंडानं रागावता रागावता त्यांनी आपली खुर्ची मालकांच्या खुर्चीला भिडवली, आणि मी उठून दारापर्यंत जातो तोवर त्यांच्या कानाशी वाकून सांगायलाही लागल्या, "ती म्हनती, पावनं आलं तर मला बोलवू नगा."

माझं तोंड उतरलं. जाता जाता डबीकडे बघितलं. हिरवा दिवा व्यवस्थित चालू होता. पुढचे दोन-तीन दिवस मी मशीन दाखवा, बघतो काय झालंय ते, म्हणून मालकांच्या मागे लागलो. ते दरवेळी "ऱ्हाऊ दे रं" म्हणून विषय बदलायचे. मला त्यांचा रागच आला होता. एवढा खटाटोप केला त्याची ही किंमत!

मग एका सकाळी मी गेटवर बसची वाट बघत उभा होतो. रस्त्याकडे तोंड करून माहेरी गेलेल्या बायकोशी फोनवर बोलत होतो, तेही हळू, कारण घरमालकाबद्दल बोलत होतो. "मशीन बिघडलेलं नाही गं," मी म्हणालो, "त्यांनाच नकोय ते. हेकट आहे म्हातारा."

"व्हय, हेकट तर हायच," मागून उत्तर आलं.

मी फोन बंद करून वळलो. मालक हातभर अंतरावर उभे होते. माझी त्यांच्याकडे पाठ होती, तोंड दिसायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी टोपी जराशी वर केली. दोन्ही कानांत मशीनं होती.

मालकांनी घराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलले.

"तिला येत न्हाई ऐकू. मोठ्यानं बोललं तरच येतं. आमच्या घरात समदीच बोंबलत्यात, मंग कळनार कुनाला? तू आवाज बारीक केलास आन ती तुमच्या तोंडाकडं बघाय लागली. तुमी हसलात की हसती. काचंच्या खोलीत म्या त्या मान्साच्या हनुवटीकडं बघायचो ना, अगदी तसंच. मला कळत न्हाई व्हय? सारी नोकरी तेच केलं म्या."

मी म्हणालो, "मालक, मग त्यांनाही तपासून मशीन घेऊ की. मी येतो सोबत. तुम्ही सांगा तरी त्यांना."

त्यांनी मान हलवली. "ह्या घरात ऐकनारी ती येकटी हुती. तेवढ्यावर तिची सारी ऐट. आता म्या मशीन घालून येक दिवसात ऐकनारा झालो, आन तिला म्हनू का, तू भैरी झालीस म्हनून?" दाराकडे परत एकदा बघून ते म्हणाले, "तिचं ती सांगंल. मला सांगाय किती वर्सं लागली? ती बोलली हुती का कधी? सांगंल तवर माझंच मशीन बिघडल्यालं हाय."

मघाचा 'हेकट' हा शब्द जिभेवरून परत घेता आला असता तर फार बरं झालं असतं.

तेवढ्यात आत कडी वाजली. मालकांनी टोपी कानांवर खाली ओढली आणि माझ्याकडे बघून शर्टाची कॉलर चिमटीत धरली. दारातून काकू येत होत्या, हातात चहाचे दोन कप. इतक्या वर्षांत ती खूण मला पाठ झाली होती. मी मालकांच्या समोर उजेडात उभा राहिलो, तोंड मोठं उघडून एकेक शब्द सुटा करत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "मालक! तुमच्या मशीनचा पार्टच मिळत नाहीये!"

मालकांनी काही कळलं नाही असा चेहरा केला आणि काकूंकडे बघितलं. "काय म्हनतोय गं त्यो?"

काकूंनी एक कप माझ्या हातात दिला, दुसरा त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "पार्ट मिळंना म्हनतोय. ऱ्हाऊ द्या. म्या हाय की सांगाय."